पहिल्या आवृत्तीवरची हळद

शपथेवर सांगतो, यात तिखटमीठ अजिबात नाही. म्हणजे, थोडं आहे. कुठलं ते शेवटी सांगेन. पण फजिती मात्र अस्सल माझी!

रेल्वेतला इंजिनिअर म्हणून लखनौला येऊन मला बरीच वर्षं झाली. विकास नगरात आमच्या समोर श्रीवास्तवजी राहतात, निवृत्त मास्तर. त्यांच्या घरातल्या दोन खोल्या एकाच माणसानं व्यापल्यात, आणि तो माणूस कधीच वारलाय! अमेरिकेतला एक गाजलेला कादंबरीकार. घनदाट जंगलं, हरवलेली नगरं, उघड्या छातीचे वीर. त्याची सगळी पुस्तकं, मासिकांची कात्रणं, सिनेमाची पोस्टरं तिथे आहेत. आणि प्रत्येक वस्तूला एक कार्ड. 'हज़रतगंजच्या फुटपाथवर मिळालं, शेवटचं पान गायब', असं सगळं खरंखुरं.

"और मज़े की बात, भाईसाहब," श्रीवास्तवजी सांगायचे, "जिस जंगल पर ज़िंदगी भर लिखा, वहाँ जनाब कभी गए ही नहीं!"

"मतलब हमारे ही गोत्र के हुए!" मी म्हणायचो.

त्यांचा मुलगा बेंगळुरूला. फोनवर एकच पालुपद, "पापा, ये कबाड़ हटाइए." आपल्यामागे हे सगळं रद्दीत जाणार, या धास्तीनं म्हातारा खंगत चालला होता. शेवटी दिल्लीच्या एका ग्रंथालयातल्या बाई यायचं ठरलं, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. पसंत पडला तर अख्खा संग्रह नेणार.

मग काय, आधी घराची पुताई! रंगारी आत शिरले, तसे श्रीवास्तवजी सगळ्यात मोलाचं पुस्तक, पहिली आवृत्ती, मलमलीत गुंडाळून माझ्याकडे घेऊन आले. "आपके यहाँ महफ़ूज़ रहेगी."

महफ़ूज़! म्हणे सुखरूप! ऐका आता.

दसऱ्याला बायकोनं पाट मांडला. "अहो, पूजेला एखादं पुस्तक द्या."

आमच्या घरात पुस्तक कुठलं? मुलगी टॅबवर शिकते. म्हटलं, "टॅब ठेव."

आतून लेक ओरडली, "पापा, मेरे टैब को हाथ नहीं लगाना!"

ठेवलं मग मलमलीतलंच, उघडून.

"कुणाचं हो हे?"

"आपलंच समज."

तिनं समजलं. हळद, ओलं कुंकू, वर झेंडू! पूजा झाल्यावर बघतो तर मुखपृष्ठावरच्या वीराच्या छातीवर पिवळी बोटं. ओल्या फडक्यानं पुसलं, हळद पसरली. मग मी लावला साबण. हळदीला साबण लागला की काय होतं, तुम्हाला ठाऊक असेल. मला कसं असणार? मी इंजिनिअर, पण सिव्हिल! लालभडक डाग! कुणी सुरा खुपसल्यासारखा.

दुसऱ्या दिवशी पुस्तक घेऊन पोचलो, तर बाई आधीच हजर. श्रीवास्तवजींनी मलमल उघडली. चेहरा भिंतीवरच्या ताज्या चुन्यासारखा झाला.

"ये दाग?" बाईंनी विचारलं.

आता माझी जीभ! ती नेहमी माझ्याआधी पोचते. "दाग नहीं, मैडम, इतिहास है! एक मराठा फ़ौजी लड़ाई में यही किताब झोले में रखता था. लौटा, तो माँ ने दशहरे पर तलवार के बगल में रखकर पूजा की."

बाई पुढे सरकल्या. "नाम?"

"सूबेदार... गणपतराव."

"गाँव?"

"सातारा के पास."

"फिर लखनऊ कैसे आई?"

"घोड़े पर."

घोड्यावर! माझं मलाच पटेना.

तरी बाईंचे डोळे चमकले होते. त्या श्रीवास्तवजींकडे वळल्या. "सच है ये?"

नुसती मान हलवायची होती हो! जन्मभर जमवलेलं सगळं सुखरूप दिल्लीला गेलं असतं. श्रीवास्तवजींनी पुस्तक नाकाशी नेलं, हुंगलं. मग एक कोरं कार्ड घेऊन मोठ्यानं बोलत लिहायला लागले, "दशहरे की पूजा, इसी साल. हल्दी, कुमकुम, बाद में साबुन. पड़ोसी के हाथों." आणि कार्ड 'नुकसान' लिहिलेल्या खणात टाकलं. वाळवी, उंदीर, गळकं छप्पर आणि मी.

बाई खळखळून हसल्या. म्हणाल्या, एवढ्या मोहातही जो खोटं कार्ड लिहीत नाही, त्याचं प्रत्येक कार्ड खरं. आणि अख्खा संग्रह ट्रकात भरून नेला.

हे, बरं का, मी रचलं. एवढंच. बाकी सगळं घडलं तसं. बाई हसल्या नाहीत. "सोचकर बताएँगे" म्हणून गेल्या, अजून सोचताहेत.

संध्याकाळी माफी मागायला गेलो. श्रीवास्तवजींनी चहा पुढे केला, आणि बशीशेजारी त्या खोल्यांची किल्ली ठेवली. "मेरे बाद आप."

"मैं? अरे, मैंने ही तो..."

"जिस घर में किताब पर हल्दी चढ़ती है, वहाँ से कबाड़ी के पास तो नहीं जाएगी."

मी किल्ली उचलली. चहा निवून गेला.

तर सध्या असं आहे. नुकसानीच्या खणात मी, आणि किल्लीही माझ्याच खिशात. बायको विचारते, ही कुठली? ऑफिसची, मी सांगतो.

बरं, तुमच्याकडे एखादी रिकामी खोली आहे का हो? दोन असतील तर उत्तमच.