मागच्या पायडलचा जोर

जोडसायकल आमच्याकडे आली ती ठाण्याहून. कोपरीत राहणारा एक गोरा अधिकारी देश सोडून निघाला तेव्हा त्याने ती माझ्या ऑफिसातल्या सहकाऱ्याला दिली. सहकाऱ्याच्या बायकोने तिच्यावर बसायला साफ नकार दिला, म्हणून ती आमच्या कल्याणच्या घरी येऊन पोचली. दोन सीटा, दोन हँडलं, पायडलांच्या दोन जोड्या, पण ब्रेक फक्त पुढच्या हँडलला.

माझी बायको एरवी पाचवारी नेसे. सायकलसाठी तिने ट्रंकेतली नऊवारी बाहेर काढली, कारण कासोट्याने पाय मोकळे राहत. टिटवाळा, पडघा, मलंगगडाचा पायथा अशा दहा फेऱ्या आम्ही दीड वर्षात केल्या. समोरचे म्हातारे शेजारी दर खेपेला ओट्यावरून ओरडत, "अहो, मागची फुकट बसते बरं का!"

ती म्हणे, "पुढच्या रविवारी तुम्ही बसा, आजोबा. बघू किती फुकट ते."

खरं म्हणजे म्हाताऱ्यांना ते कळणं शक्य नव्हतं. दोन्ही पायडलं साखळीने एकमेकांना जोडलेली असतात. पुढचं फिरलं की मागचं फिरतंच. मागच्याने जोर लावला की नाही हे बघणाऱ्याला दिसत नाही. पुढच्याच्या मांड्यांना तेवढं समजतं. मला मोजायची सवय. एका मैलाला पायडलचे तीनशे दहा फेरे पडत आणि सपाट रस्त्यावर सहा मिनिटं लागत.

अकरावी फेरी माझ्या धाकट्या भावाच्या गावाची. मुरबाडच्या पुढे डोंगराला लागून ते गाव, आमच्या घरापासून तेवीस मैल. भाऊ तिथे शाळामास्तर होता. त्याला चार मुली, धाकटी चौदा महिन्यांची. आमच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती. तीनदा आशा लागली आणि तीनदा गेली. भावाने पत्र लिहिलं, धाकटीला तुम्ही न्या, तुमची म्हणून वाढवा. मी उलट टपाली कळवलं की रविवारी येतो. येताना बायको आणि मूल मुरबाडहून सर्व्हिस मोटारीने येतील आणि मी एकटा सायकल आणीन, हेही ठरवलं. पत्र पेटीत टाकून आल्यावर बायकोला सांगितलं. ती "बरं" म्हणाली आणि आत गेली.

फाल्गुनातली सकाळ होती. सहाला निघालो. शहाडचा पूल ओलांडला आणि पहिल्यापासूनच सायकल जड लागू लागली. घड्याळ काढून पाहिलं तर मैलाला आठ मिनिटं. मला वाटलं, हवा कमी असेल. उतरून पंप मारला. पुढचा मैलही आठ मिनिटं. मग साखळीला तेल घातलं. गोवेलीच्या पुढे तिसऱ्यांदा उतरलो, मागचं चाक उचलून हाताने फिरवलं. ते कुठेही न घासता फिरत राहिलं.

बायको झाडाखाली उभी होती. म्हणाली, "अहो, सायकलला काही झालेलं नाही. मी जोर लावत नाहीये."

"का? पाय दुखतात?"

"पाय चांगले आहेत. पाकीट चिकटवायच्या आधी एकदा विचारायचं तरी होतंत."

"मला वाटलं, तुला मूल हवंय."

"हवंय. म्हणूनच विचारायचं होतं."

मी म्हणालो, "मग परत फिरायचं का?"

"नको. तुमच्या भावजयीला बघितल्याशिवाय नाही फिरायचं."

मुरबाडनंतर चढ लागला. एरवी असला चढ आम्ही दोघं मिळून चढत असू. त्या दिवशी उतरून सायकल ढकलत नेली. शेतात राबासाठी पालापाचोळा भाजत होते, धुराने डोळे चुरचुरत होते. लाकडाची मोळी घेतलेली एक बाई आम्हाला बघून हसली, "दोगांची सायकल, नि दोगं बी पायी!" आम्ही दोघंही हसलो नाही.

भावाच्या घरी पोरीला न्हाऊमाखू घालून तयार ठेवलं होतं. डोळ्यांत काजळ, शेजारी गाठोडं, त्यात दोन झबली आणि एक वाटी. भावजय स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. पोर मात्र जराही न बुजता माझ्या बायकोकडे गेली आणि तिच्या मंगळसूत्रात मूठ अडकवून बसली. बायकोचा तसा चेहरा मी नऊ वर्षांत पाहिला नव्हता. मला वाटलं, प्रश्न सुटला.

तेवढ्यात ती पोरीला कडेवर घेऊन आत गेली. मी आणि भाऊ पडवीत बसलो होतो. आतलं सगळं ऐकू येत होतं.

"अगं, तुला कोणी विचारलं होतं का?"

"विचारायचं काय त्यात, जाऊबाई? तुमच्याकडे दूध आहे, शाळा आहे. तिचं चांगलंच होईल."

"ते नाही विचारत मी. तुला विचारलं होतं का?"

भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग भावजयीचं रडणं ऐकू आलं.

भाऊ खाली बघत म्हणाला, "दादा, रडेल चार दिवस. मग राहील गप्प."

मी पत्रात लिहिलं होतं, 'आम्ही उभयतांनी विचार करून ठरवलं आहे.' ऑफिसात मी कधी खोटा आकडा मांडला नाही. हे वाक्य मात्र खोटं होतं, आणि त्याच्या भरवशावर ते गाठोडं बांधलं गेलं होतं.

बायको बाहेर आली. कडेवर पोर नव्हती. "निघू या," म्हणाली.

भाऊ उठून उभा राहिला. "दादा, तू शब्द दिलायस."

"दिला, पण एकट्याने दिला. परत घेतो."

"मग पुन्हा या घरी येऊ नकोस."

जेवायला कुणी थांबा म्हणालं नाही. पुढची सात वर्षं आमचं येणं-जाणं बंद होतं.

मुरबाडपर्यंतचा उतार ब्रेक धरून उतरलो. मग सपाट रस्ता लागला आणि सायकल पुन्हा जड झाली. घड्याळ पाहिलं. आठ मिनिटं, पुढच्या मैलाला साडेआठ. मागे ती मधूनमधून नाक ओढत होती. मी हवा बघायला उतरलो नाही. घड्याळ खिशात ठेवलं आणि थेट घरापर्यंत दोघांच्या वाटचं पायडल मारत राहिलो.

उन्हं कलताना गल्लीत शिरलो. म्हातारे ओट्यावरच होते. "काय हो, आज तरी मागचीने पाय मारले की नाही?"

बायको दार उघडून आत गेली.

"मारले," मी म्हणालो आणि सायकल आत घेतली.