श्रद्धांजलीवाले दिनकरराव

पेडगावात कुणी गेलं की एक माणूस तिरडीच्या सामानाला धावतो आणि दुसरा निवृत्त मास्तर दिनकररावांकडे. चितेला अग्नी दिल्यावर चार शब्द बोलायची आमच्याकडं रीत आहे, आणि मास्तरांचे चार शब्द अर्धा तास चालतात.

गेल्या उन्हाळ्यात एकाच्या मातीला, स्मशानात बोलता बोलता त्यांच्या घशाला कोरड पडली, छाती धडधडायला लागली, हात थरथरले. आपण आता इथंच मरणार, असं वाटून ते मटकन खाली बसले. गेलेला माणूस अख्ख्या गावाचा नावडता. पण मास्तरांना एवढं दुःख झालेलं पाहून लोकांचेही डोळे भरून आले!

परभणीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हृदय ठणठणीत आहे, हा भीतीचा झटका आहे. जीव चालला असं वाटतं, पण जात नाही. पळू नका, श्वास सावकाश सोडा, थोड्या वेळात ओसरतं. मास्तरांनी हे गावात सांगून पाहिलं, पण ऐकतो कोण? झटके येत राहिले आणि कीर्ती वाढत गेली. "रडावं तर मास्तरांनी," म्हणत पार चुडाव्याहून बोलावणं आलं. मला तर संताप यायचा. माणूस आतून गलितगात्र झालाय आणि हे वाहवा करतायत!

मग त्यांचे जिवाभावाचे मित्र माणिकराव गेले. निदान या माणसासाठी तरी मास्तरांना नीट बोलायचं होतं. ते उभे राहिले, मित्राचं नाव घेतलं आणि झटका आला. लोकांनी लगबगीनं रुमाल काढले.

या वेळी मास्तर बसले नाहीत.

"रुमाल ठेवा खिशात!" ते ओरडले. "मी रडायलो न्हाई. मला भ्या वाटायलंय. मरत न्हाई मी. जरा दम धरा, उतरंल."

आणि सगळ्या गावासमोर उभ्या उभ्या सावकाश श्वास सोडत राहिले. माझ्या शेजारचा भुजंग कुजबुजला, "आज भाषण लय वेगळं हाय."

हळूहळू थरथर थांबली. मास्तर बोलणार, तोच बायकांत बसलेल्या कमलबाई, माणिकरावांच्या पत्नी, उठून पुढं आल्या.

"भाऊजी, ह्यायलाबी असंच व्हायचं," त्या म्हणाल्या. "आमी फिट समजून कांदा हुंगवायचो. मरस्तोवर कांदाच हुंगवला."

मास्तरांनी भाषण केलंच नाही. तिथंच बसून ते मोठ्यानं रडले.