मुरगय्यांच्या झोळीतलं इष्टलिंग

कुरुंदवाडात दर सोमवारी मुरगय्या स्वामींची झोळी फिरायची. जातीनं जंगम, म्हणजे लिंगायतांचे अय्या. बारशाला ते, लग्नाला ते, आणि माणूस मातीआड करतानाही तेच. खांद्यावर झोळी, हातात घंटा, कपाळभर विभूती आणि बुडाखाली एक जुनी लुना. लुना अशी खोकायची की घंटा वाजवायची गरजच पडत नसे. आवाज आला की बायका पिठाची वाटी घेऊन उंबऱ्यात हजर. आता वाटीभर पीठ झोळीत टाकायला कितीसा वेळ लागतो? पण अय्यांचा अर्धा तास तिथंच जायचा, कारण पिठामागोमाग गाऱ्हाणं बाहेर यायचंच.

ऐकायची कला त्यांच्यात होती, हे मात्र खरं. एकदा बनाबाईच्या नवऱ्याची म्हैस मेली आणि त्या गड्यानं तीन दिवस अन्न सोडलं. जो तो सांगायचा, "अरं, दुसरी घे की!" अय्या गोठ्यात गेले, त्याच्याशेजारी खाली बसले आणि एवढंच म्हणाले, "धार काढताना शेपूट मारायची का रं ती?" झालं! गडी दोन तास म्हशीचं बोलला, रडला, मधेच हसला आणि उठून भाकरी मागितली. अशा गोष्टी गावाला पाठ होत्या. त्यामुळं मन बिघडलं की अय्यांना बोलवायचं, हे गावानं ठरवूनच टाकलं होतं. आणि अय्यांनीसुद्धा.

हिराबाईच्या घरीही म्हणूनच त्यांना बोलावणं आलं. हिराबाईचा मुलगा मल्लू शिरोलीच्या फौंड्रीत कामाला. आठवडाभर तिकडंच, रविवारी घरी. त्याची बायको भूमिका बाळंत होऊन चार महिने झाले होते. पोरगं शिवांश गुटगुटीत, पण आईचं काही खरं नव्हतं. बोलत नव्हती, जेवत नव्हती, पोराला पाजून पाळण्यात ठेवायची आणि भिंतीकडं बघत बसायची.

"हिरक्का, सगळं ठीक हुतंय," अय्या म्हणाले. भूमिकेच्या कपाळाला विभूती लावली, कानडीत धाकट्या बहिणीला मारावी तशी हाक मारली आणि उपाय सांगितला, "तंगी, पाटंचं चारला उठायचं. आंघोळ करायची, गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घिऊन तासभर बसायचं. मन कसं थाऱ्यावर येतं बघ."

भूमिका गुणाची. पाच आठवडे रोज चारला उठली. दर सोमवारी अय्या विचारायचे, "बसतीस न्हवं?" ती मान हलवायची. दर सोमवारी तिचे डोळे आणखी खोल गेलेले दिसायचे, आणि अय्या म्हणायचे, "अजून थोडं."

सहाव्या सोमवारी तिनं स्वतः येऊन पीठ घातलं. अय्या खूश झाले. बरी झाली पोर, असं मनाशी म्हणत लुना हाणत घरी आले. दुपारी त्यांची बायको गंगव्वा पीठ चाळायला बसली, तर चाळणीत खट्‌कन काहीतरी वाजलं. इष्टलिंगाची चांदीची इवलीशी डबी. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत कोरलेलं नाव, भूमिका.

"आगं बाई! दोरा तुटून पडलं जणू पोरीचं," गंगव्वा म्हणाली.

अय्यांनी डबी हातात घेऊन उलटसुलट करून बघितली. दोरा तुटलेला नव्हता. गाठ सोडून, डबीभोवती नीट वेटोळं करून गुंडाळलेला होता.

लिंगायताच्या घरी बाळ जन्मलं की त्याच्या गळ्यात इष्टलिंग येतं. पूजेपुरतं सोडलं तर ते पुन्हा उतरत नाही. माणूस गेल्यावरसुद्धा त्याच्याबरोबरच मातीत जातं. ज्यांनी कितीतरी माणसांना असं मातीत बसवलं होतं, त्या अय्यांना त्या वेटोळ्याचा अर्थ कुणी सांगायची गरज नव्हती.

"ताट वाढू?" गंगव्वानं विचारलं. अय्या अनवाणीच लुनावर बसले होते.

भूमिका परड्यात धुण्याच्या दगडावर बसली होती. कपडे कोरडेच. अय्या समोर फरशीवर बसले. विभूतीची पिशवी घरीच राहिली होती, आणि तेच बरं झालं.

"तंगी, हे माझ्याकडं का दिलंस?"

कोरड्या कपड्यांकडं बघत ती म्हणाली, "माझ्यासंगं वाया जायला नको म्हणून. तुमच्याकडं नीट ऱ्हाईल."

"जिवाचं काही करायचं मनात हाय व्हय तुज्या?"

एवढा थेट प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. तिचा चेहरा एकदम लहान पोरीसारखा झाला. "व्हय. मी लई दमलोय ओ अय्या. झोपच न्हाय. बारापासनं छत बघायचं, चारला उठायचं. तुम्ही सांगितलं, मी केलं. पण मन थाऱ्यावर येत न्हाय. माझ्यातच खोट हाय."

पाच सोमवार! जिला झोपवायला हवं होतं, तिला त्यांनी पहाटे उठवलं होतं. म्हशीच्या वेळी जे जमलं त्याच्या जोरावर त्यांनी इथं न ऐकताच उपाय सांगून टाकला होता.

"खोट तुज्यात न्हाय, पोरी. चूक माझी हाय," ते म्हणाले आणि धोतराच्या सोग्यानं आधी स्वतःचे डोळे पुसले. "हे दुखणं हाय. माझ्या औषधाचं न्हाय. आपण डॉक्टरकडं जायचं. आत्ताच. मी हलत न्हाय तुज्यापासनं."

दारात उभ्या हिराबाईनं ऐकलं आणि ती उसळली. "डॉक्टर? येड्याचा? तुम्ही असताना, अय्या?"

"हिरक्का, माझा मोतीबिंदू कुणी काढला?"

"मिरजंच्या डॉक्टरनं."

"का बरं? घरात मणभर विभूती हुती की! चोळायची न्हाय व्हय डोळ्यात?"

"डोळ्याचं येगळं वो. लोक काय म्हंतील?"

"लोकांस्नी सांग, अय्यानं नेलं. भांडायचं आसंल तर माझ्या दारात या म्हणावं." मग आवाज उतरवून त्यांनी तिला डबी दाखवली. हिराबाईनं नाव वाचलं, गुंडाळलेला दोरा बघितला. पुढच्याच क्षणाला तिनं सुनेला असं कवटाळलं की भूमिका पाच महिन्यांत पहिल्यांदा मोठ्यानं रडली.

मल्लूला फोन गेला. तो शिरोलीहून परस्पर कोल्हापूरच्या दवाखान्यात पोचला. बाकीचे शेजाऱ्याच्या जीपनं. मनोविकारांच्या डॉक्टर निशिगंधा चाळिशीच्या, शांत. त्यांनी भूमिकेला तासभर एकटीला ऐकलं. मग घरच्यांना सांगितलं की बाळंतपणानंतर असा आजार होतो, औषधानं आणि बोलण्यानं बरा होतो, आणि सध्या तिला एक मिनिटही एकटं सोडायचं नाही.

अय्या कोपऱ्यात हात जोडून उभे. "डॉक्टरीणबाई, मीच बिघडवलं. आता तिच्याकडं जाऊ का नको?"

"जा की! तुमच्यापाशी बोलली म्हणून ती इथवर आली. ऐका, तिची झोप विचारा, गोळी घेतली का विचारा. बाकीचं मला करू द्या. आणि स्वामी, पहाटेचं तेवढं बंद!"

"बंद, बंद!" अय्या म्हणाले. त्या रडव्या दिवसात एवढ्यावर मल्लूला हसू फुटलं.

गावात टिंगल झालीच. चावडीजवळ एकानं विचारलं, "काय अय्या, डॉक्टरचं एजंट झाला म्हणं?" अय्या म्हणाले, "व्हय. तुला झोप लागती न्हवं? न्हायतर चल, बसतोस मागं?" लुनाच्या मागं बसायची कुणाची छाती नव्हती.

भूमिकेचं लिंग त्यांनी आपल्या देव्हाऱ्यात ठेवलं. रोज आपल्या लिंगाबरोबर त्याचीही पूजा करायचे, आणि दर सोमवारी ते खिशात घालून हिराबाईच्या दारात जायचे. कधी स्वतःहून पुढं केलं नाही; मागायचं ते तिनं. फक्त विचारायचे, "झोपलीस?" कधी "थोडी", कधी नुसतं डोकं हलायचं. मधे दोन आठवडे पुन्हा वाईट गेले, डॉक्टरांनी गोळी बदलली. अय्या परत येताना खिसा चाचपायचे.

दिवाळी होऊन गेली. एका सोमवारी हिराबाई पीठ घालत होती, तेवढ्यात आतून भूमिका आली. कडेवर शिवांश, केस विस्कटलेले.

"झोपलीस?"

"आत्ता उठलो! आठ वाजलं."

"मी उठवती व्हय?" हिराबाई म्हणाली. "अय्यांची मनाई हाय."

भूमिकेनं पोराला सासूकडं दिलं आणि दोन्ही तळहात पुढं केले. "माझं मला द्या की, अय्या."

अय्यांनी खिशातून डबी काढली. दोऱ्याला गाठ मारायला त्यांना फार वेळ लागला, कारण डोळ्यांपुढं सगळं पुसट झालं होतं, आणि शिवांशनं त्यांची दाढी घट्ट धरून ठेवली होती.