पांढऱ्याखालचा निळा

द्वारका चौकाजवळच्या गॅरेजात पेंटरने बाबांच्या जुन्या फियाटचं दार घासलं, तर पांढऱ्या रंगाखालून आकाशी निळा वर आला. थिनरच्या वासासरशी मी लहानपणीच्या आमच्या अंगणात जाऊन पोचलो.

कसाऱ्याच्या घाटातल्या अपघातात माझी बहीण सुमी गेली होती. मागे, डाव्या दाराशी बसली होती ती. पुढे बाबांनी तीच गाडी पत्रा ठोकून सरळ करून, पांढरी रंगवून घरी आणली. "जुनी विकली गं. ही दुसरी घेतली," ते आईला म्हणाले आणि नळावर पाय धुवायला गेले.

नंबर तोच होता आणि आईला तो पाठ होता. तरी तिने नव्या गाडीसारखं बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकांखाली लिंबं ठेवली. मग ताट घेऊन ती मागच्या डाव्या दाराशी गेली आणि तिने रिकाम्या सीटला ओवाळलं. तेव्हा मला वाटलं, आई फसली.

"साहेब, ओरिजिनल निळाच मारू ना? लय भारी दिसंल," पेंटरने विचारलं.

आई आता नाही. बाबा घरी आहेत, आणि अजून या गाडीला 'दुसरी' म्हणतात.

"पांढराच मार," मी म्हणालो.