पंधरा मीटरची केबल

टीव्हीला जोडायची एचडीएमआय केबल, या वस्तूची मला शिसारी आली आहे. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात भिंतीवर त्या पिशव्यांत लटकलेल्या दिसल्या, की मी तोंड फिरवून पुढे जातो. त्या शिसारीतला अर्धा वाटा माझा स्वतःचा आहे, हे मात्र फार उशिरा कळलं.

माझे वडील चौऱ्याऐंशीचे. पातूरकडची शेती वाट्याने देऊन ते आमच्याकडे, अमरावतीला, राहायला आले तेव्हा कान जवळजवळ गेलेले होते. कानातलं यंत्र आणून दिलं, तर म्हणाले, "कानात किडा बसल्यावानी वाटते," आणि ते सुपारीच्या डबीत ठेवून दिलं. टीव्हीसमोर मात्र रोज बसायचे. सगळे हसले की क्षणभर उशिरा तेही हसायचे. बातम्या लागल्या की दर दोन मिनिटांनी माझ्याकडे वळून एकच प्रश्न.

"काय म्हणते तो?"

"काही नाही, बाबा."

शब्द न् शब्द सांगत बसायचा मला कंटाळा यायचा. म्हणून मी मोठ्या आवाजाचा साउंडबार, म्हणजे टीव्हीला जोडायचा लांबट स्पीकर, आणला. बाबांना त्यांचं त्यांना ऐकू यावं आणि माझ्यामागची ही कटकट जावी, एवढाच हेतू. श्रावणबाळ वगैरे काही नव्हतं त्यात.

नवा सोफा आल्यावर बाबांची खाट आम्ही हॉलच्या दुसऱ्या टोकाला, चपलांच्या कपाटाशेजारी सरकवली होती. साउंडबार त्यांच्या उशाशी ठेवायचा, म्हणजे तिथून टीव्हीपर्यंत भिंतीच्या कडेकडेने केबल न्यायची. खोक्यात आलेली केबल हातभर. ती मी बाजूला भिरकावली. फुकट आलेली वस्तू चांगली असूच शकत नाही, अशी माझी पक्की समजूत.

मोजलं तर आठ मीटर पुरत होते. मी पंधरा मीटरची घेतली. आमच्या घराण्यात वायर कमी पडणं हा गुन्हा आहे. विहिरीचं पाणी खाली गेलं की मोटर आणखी खाली सोडावी लागते, म्हणून वायर नेहमी जास्तीची घ्यायची, हे बाबांनीच शिकवलेलं. केबल पाहून त्यांनीही समाधानाने मान हलवली. उरलेल्या सात मीटरचं वेटोळं सोफ्यामागे जाऊन पडलं.

साउंडबार सुरू झाला आणि खोकला लागलेल्या माणसासारखा बोलू लागला. दोन शब्द, मग शांतता, मग अर्धा शब्द. बाबा माझ्याकडे वळले. "काय म्हणते तो?"

अमरावतीच्या दुकानदाराने ती केबल नखाने खरवडून "हलकी आहे" असं सांगितलं. त्यानेच विकली होती! कामाच्या निमित्ताने अकोल्याला गेलो तेव्हा दुसरी घ्यायला मी एका मोठ्या दुकानात शिरलो. तिथल्या बोलघेवड्या विक्रेत्याने सोनेरी टोकांची, वर कापडी वीण असलेली केबल सापासारखी काउंटरवर सोडली. "साहेब, सोन्याचा मुलामा हाय. आवाज असा येईन, का माणूस घरात बसून बोलून राहिला." सोन्याचं नाव काढलं की माणसाची अक्कल गहाण पडते. माझीही पडली. तीही पंधरा मीटर. घरी लावली, तर तोच खोकला, फक्त सोन्याच्या घशातून.

तिसऱ्यांदा मी खाली वाकून टीव्हीच्या मागची भोकं तपासत होतो तेव्हा बाबा खाटेवरून माझ्या तोंडाकडे एकटक पाहत होते. मला त्या पाहण्याचाही वीट आला. बायकोला म्हणालो, अगदी हळू, "यांच्यासाठी काय काय करायचं? ऐकून तरी काय दिवे लावणार आहेत आता?"

शेवटी साउंडबार बगलेत मारून मी एका जुन्या टीव्ही दुरुस्तीवाल्याकडे गेलो. पांढऱ्या दाढीचे चाचा. त्यांनी स्वतःकडची एक वीतभर, कळकट केबल लावली आणि साउंडबार खणखणीत बोलला. मी माझी सोन्याची केबल पुढे केली. त्यांनी तिला हातही लावला नाही.

"लंबी वायर में आवाज दम तोड देती है, साब. टीव्हीच्या जवळ ठेवा, डब्ब्यात आली तीच लावा."

"पण वडील लांब बसतात."

चाचांनी चष्म्यावरून पाहिलं. "तो अब्बा को सरकाओ ना. बाजा काहून सरकवून राहिले?"

दीड महिना मी केबली बदलत होतो. खाट सरकवावी हे मला एकदाही सुचलं नव्हतं. सोफ्याचा तोरा मोडला असता ना.

घरी येऊन खोक्यातली केबल शोधायला घर पालथं घातलं. सापडली स्वयंपाकघरात. तुरीच्या डाळीचा कट्टा, म्हणजे छोटं पोतं, आला होता, त्याचं तोंड बाबांनी तिने करकचून बांधलं होतं. गाठ इतकी पक्की, की सोडवताना माझी नखं दुखली. डाळीची भुकटी पुसून ती लावली. सोफा मागे ढकलला, खाट टीव्हीसमोर आणली. बातम्या सुरू झाल्या. एक अक्षर तुटलं नाही.

बाबा पंधरा मिनिटं ऐकत होते. एकदाही वळले नाहीत. मला इतकं हायसं वाटलं, की मी ओरडूनच विचारलं, "आता समजते ना सारं?"

"समजते न. हे टीवीतले लोकं तोंड फिरवून बोलतात, म्हून तुले विचारा लागे. घरच्यांचं मले पयलेपासून समजते. तोंड दिसते न तुमचं. तू त हळू बोलतं तवा अजूनच साफ दिसते."

दीड महिना मी ओठांतल्या ओठांत काय काय बोललो होतो, ते सगळं एकदम आठवलं, आणि स्वतःचीच किळस आली.

"काय बोललो मी, बाबा?" मी विचारलं.

त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट पाहिलं, मग टीव्हीकडे वळले.

"काई नाई," म्हणाले.