रांग हलली नाही

शनिवार, प्रजासत्ताक दिनाच्या आधीचा. सकाळ. ठिकाण : नवघरमधल्या एका सोसायटीचं पार्किंग. हजर : आमच्या सिक्युरिटी एजन्सीच्या बारा महिला गार्ड, ड्रिल शिकवणारे शिंदे उस्ताद, सोसायटीचे सेक्रेटरी मेहताभाई आणि ट्रेनिंगचं काम बघणारी मी.

उस्तादांनी ‘सावधान’ दिलं आणि त्यांचा फोन वाजला. ते बोलत बोलत पंपरूमच्या मागे गेले. बाराही जणी उन्हात तशाच उभ्या.

सावधान म्हणजे टाचा जुळलेल्या, मुठी बंद, अंगठा पँटच्या शिवणीवर, नजर समोर. ‘विश्राम’ मिळेपर्यंत नाकावर माशी बसली तरी हात उचलायचा नाही. नवीन माणूस गुडघे मागे ताणून उभा राहतो. मग पायातलं रक्त नीट वर जात नाही आणि चक्कर येते. म्हणून जुनी माणसं बुटाच्या आत बोटं हलवत राहतात. हे मी पहिल्याच दिवशी सांगते. नाश्ता करून या, हेही सांगते.

मागच्या रांगेत टोकाला फिलोमिना होती. उत्तनची, चाळिशी ओलांडलेली. नवरा मासेमारीच्या बोटीवर. सोसायटीने सव्वीस जानेवारीच्या परेड पथकातल्याच गार्ड दिवसपाळीला मागितल्या होत्या, म्हणून रात्रपाळी करणारी फिलोमिना माझ्या मागे लागली होती. “मॅडम, पोरगी धाव्वीला हाय. रातची एकटी असते. मना पथकात घ्या.” मासे वाळत घालायच्या जागेत ती रोज एकटी परेड करायची. शेजारणी चिडवायच्या, “काय गो फिलू, पोलिसान चाललीस?” ती सगळं हसून सांगायची, पण पाय उचलायला खरंच शिकली. अंतिम निवड आज होती.

आणि ती पडली. हात पुढे न करता, सरळ तोंडावर. हनुवटी काँक्रीटवर आपटल्याचा आवाज मला गेटपाशी ऐकू आला.

शेजारी मनीषा उभी होती. दोघी रोज एका डब्यात जेवतात. मनीषाने मान वळवली नाही. कोणीच वळवली नाही. अकरा जणी समोर बघत उभ्या, आणि बारावी त्यांच्या बुटांपाशी पालथी.

मी पळत सुटले. “अगं, बघताय काय? उचला तिला!”

कोणी हललं नाही. मनीषाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण अंगठा शिवणीवर होता. ओठ न हलवता ती म्हणाली, “कमांड नाही मॅडम.”

मी गुडघ्यावर बसून फिलोमिनाला उताणं केलं. हनुवटी फाटली होती. रक्त शर्टावर. जरा वेळाने डोळे उघडले. हाताला धरून उठवायला गेले, तर हात बाजूला येईना. शुद्धीवर येताच तिने मुठी आवळून शिवणीला लावल्या होत्या. जमिनीवर पडल्या पडल्या सावधान!

“मी न्हाय हलले मॅडम,” ती पुटपुटली. “उस्तादांना सांगा.”



उस्ताद धावत आले. “विश्राम!” म्हणाले, आणि त्या अकरा जणी एकदम तिच्यावर वाकल्या. मनीषाने माझी ओढणी घेऊन जखमेवर दाबली. उस्ताद मात्र रांगेकडे बघत होते. “शाबास! एक पण हलली नाही.”

“उस्ताद, बाई पडलीये!”

“दिसतंय मॅडम. पण फौजेत पण असंच असतं. पडणारा पडतो, लाईन हलत नाही.”

“मग तिथे उचलतं कोण?”

“मागं स्ट्रेचरवाले उभे असतात की.”

“आपल्या मागे कोण होतं?”

अर्धा नियम उस्तादांनी फौजेतून आणला होता, स्ट्रेचरवाले तिथेच राहिले होते.

तेवढ्यात मेहताभाई जवळ आले. त्यांनी मोबाईलवर सगळं शूट केलं होतं. “मॅडम, क्या डिसिप्लिन है! यही टीम फायनल करो.”

मी त्यांना काय उत्तर दिलं ते लिहीत नाही. व्हिडिओ मात्र माझ्यासमोर डिलीट करायला लावला.

फिलोमिनाला रिक्षाने दवाखान्यात नेलं. रात्रीची ड्यूटी करून ती थेट आली होती, उपाशी. टाके घालताना ती एकच विचारत होती, “माझा नाव कापला का?” नाव कापलं नाही. हनुवटीवर पट्टी लावून ती परेडमध्ये चालली, आणि आता दिवसपाळीला आहे. तिला सगळं भरून पावल्यासारखं वाटतं. मला अजून तो आवाज आठवतो.

या बायकांना आम्ही लोकांच्या दारात उभं करतो, ते लोकांकडे लक्ष ठेवायला. उद्या लॉबीत एखादे आजोबा कोसळले, तर त्या कोणाच्या कमांडची वाट बघणार? म्हणून मी उस्तादांना सांगितलं, पडलेल्याला उचलायचीही एक कमांड शिकवा, आणि ती रांगेतल्या कोणीही द्यायची. उस्ताद म्हणाले, “ड्रिलमध्ये तसा शब्दच नाही मॅडम.”

तो शब्द ठरवायचा अजून बाकी आहे.