उलटी बाजू बघणाऱ्या विहीणबाई

देवानं वस्तूंना सुलटी बाजू दिलीच कशाला, असा प्रश्न जिच्याकडं बघून पडावा अशी बाई साऱ्या जालना जिल्ह्यात एकच, अन् ती नेमकी माझी विहीण. तीर्थपुरीला राहतात. हातात काही आलं की आधी ते उलटं करायचं, ही त्यांची रीत. जुन्या जालन्यात कापडाच्या दुकानात आम्ही शिरलो की मालक गल्ल्यावरूनच सांगतो, "मावशी आल्या, ठाण उलटंच टाका रे." शहागडला एकदा चहाला थांबलो, तर उभ्या ट्रकची रंगीत झालर ह्यांनी उलटून बघितली. ड्रायव्हर म्हणाला, "काय हरवलं का आजी?" "न्हाई बाबा, बघून राह्यले," म्हणाल्या, अन् येऊन निवांत चहा प्यायल्या.

माझ्या लेकीला बघायला आल्या तेव्हाचं तर सांगायलाच हवं. लेकीनं भरलेला मोराचा रुमाल मी मुद्दाम टेबलावर मांडला होता. बाईंनी पोरीकडं बघायच्या आधी रुमाल उलटला. मागं मोराच्या पोटात दोऱ्यांचा नुसता गुंता. ह्या शांतपणे म्हणाल्या, "पोरगी घाईची हाय. पण गाठ पक्की मारती. आम्हाला पसंत हाय." आमच्या मालकांना अजून वाटतं, पोहे आवडले म्हणून लग्न जमलं.

त्याच लेकीची लेक, म्हणजे आमच्या दोघींची नात, आता पोलंड देशात असते. घरातल्या वस्तूंचे नवेनवे नमुने काढायचं तिचं काम. तिकडच्या खेड्यांतल्या बाया रंगीत कागद कातरून कोंबडे अन् फुलं करत, भिंतीला चिकटवत. पट्ट्यापट्ट्यांचं लोकरी कापड विणून घागरे शिवत. तेच कोंबडे आता शहरातली तरणी पोरं दिव्यांवर अन् कपबश्यांवर काढतात, तेच पट्टे खुर्च्यांवर चढवतात. नात फोनवर कौतुकानं दाखवायची, अन् विहीणबाई म्हणायच्या, "उलटी कर." पोरीनं बिचारीनं अख्खी खुर्ची उलटी करून दाखवली. "ते कागद मेंढ्यांची लोकर कातरायच्या कातरीनं कापायच्या, आजी," असं तिनं सांगितलं तेव्हा मात्र बाई उठल्या. त्यांचं माहेर मेंढरं पाळणारं. आतून वडलांची गंजलेली कातर आणून फोनसमोर धरली. "ही का?" "तशीच, आजी." "मंग बराबर हाय. चांगले लोक दिसतेत." एका कातरीवर त्यांनी सगळा देश पास करून टाकला.

पुढं नातीनं वाकळ, म्हणजे आपली गोधडी, मागितली. तिकडं प्रदर्शन होतं, जुन्या हातांचं काम अन् त्यावरून केलेल्या नव्या वस्तू शेजारी शेजारी मांडायच्या होत्या. ह्या आजीच्या टाक्यांवरून तिनं गालिचा केला होता, त्याच्याजवळ आजीची वाकळ हवी. जुन्या वाकळा लेकीसुनांना वाटून झालेल्या, म्हणून विहीणबाई नवी शिवायला बसल्या. पण तोवर वयानं त्यांचा हात कापायला लागला होता. वरून रंगीत तुकड्यांत खपून जायचं. मागं अस्तराच्या पांढऱ्या धोतरावर मात्र टाके कोंबडीच्या पायांसारखे फाकलेले. जन्मभर दुसऱ्याची पाठ बघणाऱ्या ह्या बाईनं स्वतःच्या वाकळेची पाठ कुणाला बघू दिली नाही. मी गेले की घडी घालून तिच्यावर बसायच्या. पाठवताना मला म्हणाल्या, "पोरीला तुम्ही सांगा, सुलटीच मांड म्हणावं. मी सांगितलं तर कारण इचारल." मी सांगितलं. पण नात कुणाची?

प्रदर्शनाच्या दिवशी फोन आला तेव्हा मी विहीणबाईंकडंच होते. भिंतीवर वाकळ दिसली तशा बाई म्हणाल्या, "भिंतीला थंडी वाजती का गं?" मग नीट बघितलं, अन् चेहराच उतरला. पोरीनं वाकळ उलटी टांगली होती. सगळे वाकडे टाके परदेशी लोकांपुढं.

"फोन ठेव," बाई म्हणाल्या.

"थांब ना आजी. तूच शिकवलंस, आधी पाठ बघायची. अन् ह्या बघ, मघापासून हलेनात."

डोक्याला रुमाल बांधलेली एक म्हातारी वाकळेशी उभी होती. कागद कातरणाऱ्यांतलीच. वाकड्या टाक्यांवरून बोट फिरवत तिच्या भाषेत काही बोलली. नात म्हणाली, "त्या विचारतात, तुमचाही हात कापतो का." म्हातारीनं हात फोनपुढं धरला. चांगलाच कापत होता. विहीणबाईंनी तो बघितला, मग पदराखालून आपला हात काढला अन् समोर धरला. एकमेकींची भाषा तर येत नव्हती. दोघींनी आपापला हात तसाच फोनपुढं धरून ठेवला.

त्यानंतर विहीणबाईंनी वाकळ काही शिवायला घेतली नाही. मागच्या आठवड्यात माझ्याकडं आल्या होत्या. मी शिवलेला उशीचा अभ्रा सवयीनं उलटला, डोळ्यांजवळ नेला. शिवण चांगली नव्हती, मलाच ठाऊक होतं. काही तरी बोलतील म्हणून मी वाट बघत राहिले. त्यांनी अभ्रा सुलटा केला, उशीवर चढवून हातानं सारखा केला अन् ती उशाला घेऊन आडव्या झाल्या.